भूपाळीबंदीचा कायदा

टिल्लूकाकूंसमोर कुरकुर करायची सोय नव्हती. भाजी महागली म्हणा, नळाला पाणी नाही म्हणा, ती मोकाट गाय रोज आपल्याच दारात येऊन बसते म्हणा, काकू चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "मग सह्या आण." एकदा माझ्या सासूबाई म्हणाल्या, यंदा उकाडा फार आहे गं बाई. ते तीन शब्द काकूंच्या अगदी ओठांवर आलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत. सासूबाईंच्या वयाकडे बघून त्यांनी ते गिळले.

आमची गल्ली उज्जैनात, देवास गेटच्या मागच्या अंगाला. काकूंचं घर आमच्या घराला लागून. मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलं. टिल्लूसाहेब जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली होती. काकू ठेंगण्या, चालणं तुरुतुरु, अंगावर कायम भैरवगढच्या छाप्याची सुती साडी. मराठी घरं गल्लीत मोजून दोन, त्यांचं आणि आमचं. बाकी सगळे त्यांना मॅडमजी म्हणायचे.

नागरिकशास्त्र हा विषय बाकीच्यांसाठी परीक्षेत पास होण्यापुरता असतो. काकूंना तो लागला होता, एखाद्याला पान लागतं तसा. त्यांचं म्हणणं एकच. "पाच वर्षांतून एकदा बोट काळं करून घ्यायचं आणि मग पाच वर्षं हात चोळत बसायचं, ही कुठली लोकशाही? लोकांनी सह्या गोळा कराव्यात, राज्याचा कायदा स्वतः मांडावा, आणि त्यावर मतही लोकांनीच द्यावं. आमदारांनी चहाची व्यवस्था बघावी." जगात काही ठिकाणी असं चालतं, हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. तेव्हा नवं वारं होतं. गल्लीत केबलची वायर आली होती, पानाच्या ठेल्यावर परदेशी कोल्ड ड्रिंक आलं होतं. काकू त्या बाटलीकडे बोट दाखवून म्हणायच्या, "बाजार उघडून राहिलेत ना? मग विधानसभेचं दार तेवढं का बंद?"

या कायद्यासाठी त्यांनी भोपाळला किती अर्ज पाठवले असतील, देव जाणे. सह्या गोळा करायला जायच्या देवास गेटच्या बसस्टँडवर. हातात कागद बघितला की लोक आपणहून येत. "माताजी, कौनसी योजना का फॉर्म है? गैस का?" दुसरी कुणी असती तर मुकाट्यानं सही घेतली असती. काकू म्हणायच्या, "पहले सुनो. समझे बिना दस्तखत नहीं लूँगी." एकदा आगर गावाकडचा एक शेतकरी बिचारा आधीच अंगठा शाईत बुडवून उभा होता. काकूंनी त्याला पूर्ण कायदा समजावला, मग त्याला म्हणाल्या, आता याच्याविरुद्ध काय बोलता येईल ते तू सांग. त्यानं प्रामाणिकपणे विचार केला. तेवढ्यात त्याची बस सुटली. काकूंनी त्याला पोहे-जलेबी खाऊ घातली, पुढच्या बसमध्ये बसवून दिलं, आणि एवढं होऊन त्याचा अंगठा घेतलाच नाही, कारण तो अखेरपर्यंत म्हणत राहिला, "सोच के बताऊँगा." काकू आनंदानं घरी आल्या. म्हणाल्या, "शैला, आज एक खरा नागरिक भेटला गं."

निवडणुकीत मतं मागायला नेतेमंडळी गल्लीत आली, तेव्हाचीही मजा. उमेदवार काकूंच्या पाया पडला आणि म्हणाला, "माताजी, क़ानून-वानून हम देख लेंगे, आप बस आशीर्वाद दीजिए." काकूंनी डोक्यावर हात ठेवला, अगदी मनापासून आशीर्वाद दिला आणि हात तसाच ठेवून म्हणाल्या, "अब आप भी मुझे कुछ दीजिए. बीस मिनट." बिचारा वाकलेला होता, उठणार कसा? पूर्ण कायदा ऐकूनच गेला. पाठीचं काय झालं माहीत नाही. निवडून मात्र आला.

भोपाळहून कधी उत्तर आलंच, तर एवढंच यायचं की आपलं पत्र मिळालं, संबंधित विभागाकडे पाठवलं आहे. काकू तेही मन लावून वाचायच्या. मग एक दिवस म्हणाल्या, "भोपाळ लांब आहे. आधी गल्लीत करून दाखवू."

आणि गल्लीचं राज्य सुरू झालं. हद्द ठरली, पानाच्या ठेल्यापासून हातपंपापर्यंत. दहा सह्या आणल्या की कुणीही कायदा मांडावा. रविवारी काकूंच्या ओट्यावर दुधाची बरणी ठेवायची आणि मोठ्या माणसांनी एकेक करून मूठ आत घालायची. मुठीत हरभरा असला तर हो, राजमा असला तर नाही. कुणाच्या मुठीत काय, ते कुणाला कळायचं नाही. नवरे बायकोच्या मागोमाग यायला लागले की काकू दटावत, "भैयाजी, मूठ त्यांची आहे. तुम्ही तिकडे उभे रहा."

पहिलाच कायदा पाण्याचा आला. सकाळी नळ अर्धा तास यायचा. आमच्या समोरच्या गुप्ताजींचं फ्रीगंजच्या बाजारात कपड्याचं दुकान. त्यांनी नळाला मोटर लावली होती. मोटर सुरू झाली की सगळं पाणी त्यांच्या टाकीत आणि हातपंपाकडच्या घरांना नळातून नुसती हवा. कायदा असा की नळ सुरू असेपर्यंत कुणी मोटर लावायची नाही. मतदान झालं, मोजणी सुरू होणार तर बत्ती गुल. अंधारात मोजणी नको, म्हणून बरणी विश्वासानं आमच्या घरी ठेवली.

सकाळी मी उठले तर बरणी स्वयंपाकाच्या ओट्यावर पालथी आणि सगळी मतं पातेल्यात. टम्म फुगलेली. सासूबाई म्हणाल्या, "तू रात्री काढून ठेवलेस, भिजवायचे विसरलीस वाटतं. मी घातले भिजत. पण हरभऱ्यात राजमा कुणी मिसळतं का गं?"

काकूंना सांगायला गेले तर त्या पदर खोचून आल्या, पातेल्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "भिजलं म्हणून काय झालं? मत ते मतच." सगळ्यांसमोर ओली मोजणी झाली. कायदा दणक्यात पास. राजमे निघाले फक्त दोन. गुप्ताजींच्या घरात मतं होती चार, आणि त्यांना चारही आपली वाटत होती. ते कितीतरी वेळ आपल्याच दाराकडे बघत राहिले. दारात त्यांची बायको आणि आई उभ्या होत्या, दोघी आकाशाकडे बघत. भिजलेल्या मतांचं आता काय करायचं, तर सासूबाईंनी उसळ केली आणि गल्लीभर वाटली. तेव्हापासून मोजणी झाली की मतांची उसळ हा रिवाजच पडला. हरलेला माणूसही दोन वाट्या खाऊन जायचा.

गुप्ताजी म्हणाले, "ठीक है, मैं भाई के घर फ्रीगंज में मोटर लगा लूँगा." काकू म्हणाल्या, "खुशाल. कायदा गल्लीचा आहे, हद्दीबाहेर तुम्ही मोकळे." पण गुप्ताजी चिवट. दर रविवारी पुन्हा मतदान घ्या म्हणून यायचे. शेवटी काकूंनी वैतागून एक नियम घातला आणि तोही बरणीत पास करून घेतला: एकदा झालेला कायदा वर्षभर हलवायचा नाही. त्याच नियमात पुढे त्या स्वतः अडकणार होत्या, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

आता भूपाळीचं सांगते. काकू पहाटे उठून ओट्यापुढे सडा घालायच्या, रांगोळी काढायच्या आणि भूपाळी म्हणायच्या. आईकडून आलेली, कुठल्या पुस्तकात नसलेली. आवाज गोड होता असं मी म्हणणार नाही. खणखणीत होता. हातपंपाजवळच्या घरातलं तान्हं मूलसुद्धा त्या आवाजानं जागं व्हायचं. एकदा मी म्हटलं, काकू, जरा हळू नाही का म्हणता येणार? तर रांगोळीची चिमूट तशीच धरून म्हणाल्या, "लग्न होऊन इथं आले ना शैला, तेव्हा मला हिंदी ओ की ठो येत नव्हतं. दिवसभर मुकी. पहाटे तेवढा तोंडातून शब्द फुटायचा. आता हिंदी माझ्या स्वप्नात येते. तरी दिवस आपल्या भाषेत उघडला नाही, तर तो माझा वाटत नाही गं." मी चहा टाकायला घरात गेले.

काकूंच्या ओट्यासमोर माडीवर सोलंकीजी राहायचे. मिलमध्ये कामाला, कायम रात्रपाळी. पहाटे घरी यायचे, डोळा लागतो न लागतो तोच खाली भूपाळी. त्यांच्या पोरीला काकूंनी फुकट शिकवून मॅट्रिक केलं होतं, म्हणून बिचाऱ्यांनी वर्षानुवर्षं सोसलं. पण मोटरचा कायदा झाला आणि त्यांना धीर आला. गल्लीत अर्ज लिहून देणारं माणूस एकच. गेले तिथंच. मी तेव्हा काकूंकडे विरजण मागायला गेले होते, म्हणून सगळं पाहिलं.

"मॅडमजी, एक अर्ज़ी लिखवानी थी," सोलंकीजी दारातच उभे, टोपी हातात. "बैठो. किसके ख़िलाफ़?" सोलंकीजींनी छताकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "आपके."

काकूंनी पेनचं टोपण काढलं. "तकलीफ़ बताओ." सोलंकीजी म्हणाले, नींद नहीं होती. काकू म्हणाल्या, एवढ्यानं भागणार नाही, नीट सांग. मग स्वतःच विचारत गेल्या. मशीनवर झापड येते का? हाताला लागलं का कधी? लागलं होतं. सोलंकीजींनी अंगठ्यावरचा व्रण दाखवला. काकूंनी तो निरखून पाहिला आणि असा अर्ज लिहिला, असा लिहिला की वाचून मलाच सोलंकीजींची दया आली. सूर्योदयापूर्वी गल्लीत कुणी मोठ्यानं गायचं नाही. शेवटी काकूंनी विचारलं, "और भूपाली कैसी लगती है, ये तो बताओ." सोलंकीजी खरं बोलणारा माणूस. म्हणाले, "पता नहीं मॅडमजी. आज तक पूरी सुनी नहीं. बीच में ही तकिया कान पे रख लेता हूँ."

सह्या नऊ झाल्या. दहावी कुणी देईना, मॅडमजींच्या विरुद्ध कोण जाणार? तेव्हा दहावी सही काकूंनी केली. मी हात धरायला गेले, तर म्हणाल्या, "ही मांडायची सही आहे. प्रश्न बरणीपर्यंत तरी पोचायला हवा ना?"

त्या रविवारी गल्लीत कुणाला बोलवायला लागलं नाही. काकू ओट्यावर ताठ बसल्या होत्या. बोलण्याची त्यांची पाळी आली तेव्हा भूपाळीसाठी त्या दोनच वाक्यं बोलल्या, आणि सोलंकीजींचा अर्ज मात्र त्यांनी वर्गात धडा वाचावा तसा खड्या आवाजात वाचला, कारण सोलंकीजींना सगळ्यांसमोर वाचवेना. मोजणी झाली. भूपाळी दोन मतांनी हरली. काकूंनी स्वतःच्याच विरुद्ध हरभरा टाकला असणार, असं गल्लीत पुष्कळांना वाटायचं. मी एकदा विचारलंही. "मत गुप्त असतं," म्हणाल्या, आणि वाटीतली उसळ संपवली. मला रडू आलं, ते मी कांद्यावर घातलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी खिडकीतून पाहिलं. सडा झाला, रांगोळी झाली. काकूंचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. दुपारी मी म्हटलं, ऊन पडल्यावर म्हणा की, तेव्हा तर बंदी नाही. तर म्हणाल्या, "भूपाळी देवाला उठवायला असते. सूर्य वर आल्यावर ती म्हणायची म्हणजे जेवणं झाल्यावर पानं मांडायची."

आणि गल्लीची काय दैना झाली म्हणता! आमच्याकडे कुणी गजर लावायचं नाही, हे तोवर कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. दूधवाला कड्या वाजवून थकायचा. पोरांची शाळेची रिक्षा चुकायला लागली. आमचे हे बँकेत उशिरा जाऊन बोलणी खाऊन आले. गुप्ताजींचा महाकाळाच्या दर्शनाचा नेम मोडला, आणि ते मला म्हणाले, "भाभीजी, भगवान तो उठ जाते होंगे, हम नहीं उठ पा रहे." सासूबाई उन्हं तोंडावर येईतो अंथरुणात पडून विचारायच्या, "अजून टिल्लूबाई उठल्या नाहीत का गं?"

सोलंकीजी तेवढे झोपले. चांगले झोपले, अंगावर मूठभर मांस आलं. पण पुढे मिलच बंद पडली. महिनाभर माडीवरून खाली उतरले नाहीत. मग मिळालेल्या पैशांत त्यांनी देवास गेटला एसटीडीचा बूथ टाकला. पहिल्या बसची माणसं फोन करायला येत, तेव्हा बूथ पहाटेच उघडायला हवा. जन्मभर रात्रपाळी केलेला माणूस, पहाटे उठणार कसा? फ्रीगंजातून घड्याळ आणलं, ते वाजून वाजून बंद पडायचं. एक दिवस कागद घेऊन पुन्हा काकूंच्या दारात. "मॅडमजी, एक अर्ज़ी है. वो क़ानून हटाना है." सह्या दहा नव्हत्या, सगळ्या गल्लीच्या होत्या. माझी सासूबाईंच्या खाली होती.

काकूंनी कागद दोनदा वाचला. चष्मा पुसला. मला वाटलं, झालं, उद्या पहाटे भूपाळी. तर म्हणाल्या, "वर्ष व्हायचंय अजून."

सगळे ओट्यावर जमले. आम्हीच केला, आम्हीच मोडतो. खास बाब म्हणून मोडा. गुप्ताजी तर म्हणाले, मैं फिर कभी मोटर का नाम नहीं लूँगा. काकू सगळ्यांकडे बघून हसत होत्या. इतक्या खूश मी त्यांना मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. "खास बाब म्हणून मोडला की तो कायदा राहत नाही, मेहरबानी होते," म्हणाल्या. "माझ्यासाठी मोडाल, तर उद्या गुप्ताजींसाठी का नाही?" मग सोलंकीजींच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "सह्या मात्र फार छान आणल्यास हो."

मला सांगा, असल्या बाईचं काय करायचं? ज्यासाठी जीव तुटत होता, ते सगळी गल्ली ताटात वाढून घेऊन आली, आणि ही म्हणते वर्ष व्हायचंय. मी चिडून दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी विरजण लागलं.

सोलंकीजींना मग काकू स्वतः उठवायला लागल्या. पहाटे माडीच्या जिन्याखाली उभ्या राहून काठीनं कठडा ठोकायच्या. ठोकण्यावर बंदी नव्हती.

वर्ष भरायच्या आतच पुण्याहून मुलीचं बोलावणं आलं. तिला दिवस गेले होते, त्यातून काकूंचे गुडघेही कुरकुरायला लागले होते. आता कायमचंच जायचं ठरलं. जायच्या आदल्या दिवशी काकूंनी बरणी माझ्या हातात दिली. "वर्ष झालं की मतदान घ्या. मी नाही म्हणून विसरू नका. आणि तुझ्या सासूबाईंपासून जप." आम्ही पुढे घेतलं मतदान. बरणीत हरभरेच हरभरे. एक राजमा निघाला. कुणाचा, ते विचारायची पद्धत नाही. उसळ झाली, आणि काकूंची वाटी वेगळी काढून ठेवली होती, ती शेवटी सोलंकीजींनी खाल्ली.

काकू गेल्या त्या दिवशी गाडी पहाटेची होती. सगळी गल्ली स्टेशनवर, सासूबाईसुद्धा, रिक्षात बसून. अजून उजाडलं नव्हतं. काकू बाकावर बसल्या होत्या, पायाशी वळकटी, हातात पाण्याचा फिरकीचा तांब्या. गुप्ताजी उगाच गाडीच्या वेळा वाचत होते. सोलंकीजी मात्र अस्वस्थ. प्लॅटफॉर्मच्या या टोकापर्यंत गेले, त्या टोकापर्यंत गेले, आणि येऊन काकूंपुढे उकिडवे बसले.

"मॅडमजी, एक बात पूछनी थी. ये प्लॅटफॉर्म अपनी गली में आता है क्या?"

काकूंनी पुलाकडे पाहिलं, सिग्नलकडे पाहिलं. प्रश्न पडला की त्या तसं करायच्या, वर्गातही. पुलाकडे पाहिलं, सिग्नलकडे पाहिलं. "पानाच्या ठेल्यापासून हातपंपापर्यंत," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "नाही. हद्दीबाहेर आहे."

मग उठल्या. तांब्याची फिरकी काढली आणि बाकापुढे चूळभर पाण्याचा सडा घातला. आणि गायल्या. त्याच खणखणीत आवाजात. हमाल थांबले, चहावाल्याची आरोळी तोंडात राहिली, झोपलेली माणसं चादरीतून डोकी काढून बघायला लागली. सासूबाई बाकावर बसल्या बसल्याच म्हणाल्या, "उठल्या बाई एकदाच्या." मला हसू येत होतं आणि डोळ्यांना धार लागली होती, आणि त्याची मला मुळीच लाज वाटली नाही.

भूपाळी अर्धी झाली आणि गाडी आली. ती काय थांबते? घाईघाईनं वळकटी चढवली, काकूंना चढवलं. काकूंनी गाणं तोडलं नाही. खिडकीशी बसल्या, गज धरले आणि पुढचं कडवं घेतलं. गाडी हलली. आम्ही सगळे हात हलवत उभे, आणि सोलंकीजी पळत सुटले. ज्यांनी भूपाळी बंद पाडली ते सोलंकीजी, एका हातानं धोतर सावरत, खिडकीला कान लावल्यासारखे गाडीबरोबर पळत होते. काकू त्यांच्याकडे बघून गात होत्या. त्यांचा चेहरा मला दिसला तो तेवढाच, त्यानंतर खिडक्याच खिडक्या.

सोलंकीजी प्लॅटफॉर्मच्या टोकाला थांबले. परत आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. मी पाण्याचा पेला पुढे केला. तो त्यांनी नुसता हातात धरला.

"पूरी सुन ली, भाभी," ते म्हणाले.